तिसरा परवा

अण्णा, काल तुमच्या नातवाने मला मोबाइलवर एक रेघ दाखवली. निळ्या समुद्रावर ओढलेली, लांबच लांब, जवळजवळ सरळ. कुठल्याशा देवमाशाच्या पाठीवर यंत्र बसवलं होतं म्हणे, आणि ही त्याची वाट. थंड समुद्रातून उबदार समुद्रात जायचं, तिथे पिल्लं व्यायची, आणि पुन्हा परत. मी विचारलं, ह्याला कळतं तरी कसं रे? तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला, "नक्की कुणालाच माहीत नाही, आई." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत उभी राहिले. चाळीस वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात तुम्ही हेच म्हणाला होतात. हा नातू तुम्ही पाहिला नाहीत. त्याला मराठी बोलता येतं, म्हणजे 'हौ', 'नक्को' आणि मधे सगळं इंग्रजी. वाचता येत नाही. माझा नवरा तेलुगू, त्याचा तर प्रश्नच नाही. या घरात हे पान जेवणाच्या टेबलावर उघडं टाकलं तरी कुणी वाचणार नाही, म्हणून तर आज लिहायला धजले आहे.

घरात अण्णा, पण वर्गात तुम्हाला सर म्हणावं लागे आणि मी ते ओठातल्या ओठात म्हणे. आमच्यापैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. हुसेनसागर तलाव पाहिलेला, त्यालाच आम्ही सागर समजत होतो. तुम्ही फळ्यावर देवमासा काढलात, त्याचा भोपळा झाला, पोरं हसली, तुम्हीही हसलात. "नावात मासा आहे म्हणून फसू नका, हा आईचं दूध पितो," म्हणालात. मग खिशातला रुमाल काढून माझेच डोळे बांधलेत आणि दारापासून अंगणातल्या नळापर्यंत जायला सांगितलंत. मी खांबावर आपटले. "कान उघड, बाई! नळ टपकतोय, ऐकू येत नाही?" मग आलं ऐकू. देवमासाही असाच ऐकत जातो, तुम्ही सांगितलंत. पाण्यात आवाज फार लांबवर जातो, दुसऱ्या देवमाशांचा, किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचा. कुणी म्हणतं त्याला पृथ्वीचं चुंबकत्व कळतं, कुणी म्हणतं तो सूर्य बघतो. आणि पहिल्या खेपेला पिल्लू आईच्या कुशीला लागून जातं, एकदा तिच्याबरोबर गेलं की वाट पाठ झाली. यातलं खरं काय, असं आम्ही विचारलं तेव्हा तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "मला माहीत नाही." शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मग मीच विचारलं, चुकला तर? "चुकला की उथळ पाण्यात येतो. ओहोटी लागली की रेतीवर पडतो आणि स्वतःच्याच वजनाखाली चेंगरतो. माणसं त्याला ढकलून पाण्यात सोडतात, तर कधीकधी वळून पुन्हा त्याच किनाऱ्याला येतो." त्या दिवशी मला डबा गेला नाही.

घरात मात्र तुम्ही असे दिलदार नव्हतात. बाहेर 'मेरेकु' चालेल, उंबऱ्याच्या आत 'मला'. एका रविवारी आई पोहे परतत होती आणि मी पाटावर बसून सांगत होते की परवा आपण मामाच्या लग्नाला गेलो होतो ना, तेव्हा अमुक झालं. ते लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. आपल्या हैदराबादेत काय, 'परसों' म्हटलं की त्यात गेला आठवडा मावतो आणि निजामाचा जमानाही मावतो. तोच परसों आमच्या मराठीच्या परव्यात शिरून बसलेला. तुम्ही हातातला घास बशीत परत ठेवलात. "परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस, नाहीतर उद्याच्या नंतरचा. परवा दोनच. तिसरा परवा नसतो." मी रडायला लागले. आई म्हणाली, "अहो, पोरीला सुखाने खाऊ तरी द्या." तुम्ही खाऊ दिलंत, पण शब्द मागे घेतला नाहीत.

तुम्ही निवृत्त झालात त्याच सुमाराला आई गेली. मग तुमचा एकच नेम उरला. दुपारी काचीगुड्याच्या आपल्या घरून पायी निघायचं, सुलतान बाजारातल्या मराठी ग्रंथालयात एक दिवस शिळा पुण्याचा पेपर वाचायचा, आणि संध्याकाळी पायी परत. एकदा मी बरोबर होते तेव्हा येताना तुम्ही डोळे मिटून चालून दाखवलंत, मी मेली लाजेने चूर, लोक बघतायत. इराण्याच्या हॉटेलातल्या चहाचा वास आला की डावीकडे, मग पिठाच्या चक्कीचा फटफट आवाज, मग स्टेशनातल्या छोट्या लाइनीच्या इंजिनाची शिट्टी, आणि शिट्टीच्या रोखाने चालत राहिलं की आपलं दार. मग ती वर्षं आली. पेपरवाले म्हणत होते, देश खुला झाला. टीव्हीवर ढीगभर चॅनल, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ. इराण्याचं हॉटेल पाडून तिथे बुटांचं काचेचं दुकान झालं. पिशवीतलं पीठ मिळायला लागलं, चक्की बंद पडली. छोटी लाइन उखडून मोठी टाकली, वाफेची इंजिनं गेली, डिझेलचे भोंगे आले, आणि ते मेले प्रत्येक स्टेशनात सारखेच वाजतात. मला हे सगळं आवडत होतं, खोटं कशाला बोलू? मला नोकरी लागली होती. कानात हेडफोन, पायाखाली पेडल, आणि अमेरिकेतले डॉक्टर आपल्या पेशंटांविषयी जे पुटपुटत ते ऐकून टाइप करायचं. पेडल दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद. सातासमुद्रापलीकडची कुजबुज मी अचूक पकडायची. आमचे साहेब चारचौघांत म्हणायचे, काय कान आहेत हिचे!

पहिल्यांदा तुम्हाला एका ऑटोवाल्याने आणून सोडलं. तो दारात उभा राहून मला म्हणाला, "अम्मा, ये आपके अब्बा हैं क्या? चौरस्ते पे खड़े थे, बोल रै थे मेरेकु आवाज नै आरी." मला वाटलं, कान गेले. कोठी भागातल्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं, कान उत्तम निघाले. मग जेवलेलं विसरू लागलात, आईला हाक मारू लागलात, आणि मला काय ते कळलं. तरी तुम्ही जातच होतात. जाताना कधी चुकला नाहीत, चुकायचात ते परत येताना, आणि दर वेळी त्याच बुटांच्या दुकानापाशी. तिसऱ्या खेपेला मी तुमच्यावर ओरडले. "देवमाशांच्या गोष्टी सांगता आणि स्वतःला घराच्या वाटेवरची बडी चावडी सापडत नाही? लोक हसतात मला!" तुम्ही ओट्यापाशी उभे होतात, हातात रिकामा पेला. मी बोलले ते बोलले, अण्णा, आणि वर फणकाऱ्याने दारही आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघताना सँडलचा पट्टा लावत होते तेव्हा तुम्ही जवळ आलात. त्या दिवशी तुमचं डोकं अगदी स्वच्छ होतं, शप्पथ सांगते, फळ्यापुढे उभे असायचात तसे दिसत होतात. म्हणालात, "एकदा माझ्याबरोबर चल. ग्रंथालयापासून घरापर्यंत. तू पुढे, मी मागे. जुन्या खुणा गेल्या, नव्या मला दाखव. एकदा कुणाबरोबर गेलो की येईल मला." मी म्हणाले, "परवा जाऊ." "परवा किती वाजता?" "साडेचारला!" "मी ग्रंथालयाच्या पायरीवर थांबतो." "हौ, थांबा," म्हणत मी जिना उतरलेसुद्धा. माझा परवा हैदराबादी होता. म्हणजे कधीतरी, जमलं तर, पुढेमागे. तुमचा मराठी होता.

त्या परव्याच्या दिवशी मी रात्री आठ वाजता घरी आले तर कुलूप. रात्र कशी गेली ते लिहीत नाही. पोलीस चौकी झाली, दवाखाने झाले, ग्रंथालयाचं तर दारच बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही याकुतपुऱ्याला सापडलात, घराच्या पार पलीकडे, रुळांच्या कडेला. डिझेलच्या भोंग्यामागे चालत गेला असणार. एका स्टेशनाहून दुसऱ्या स्टेशनाला, आणि प्रत्येक ठिकाणी वाटलं असणार की हेच आपलं. पायातली एक चप्पल नव्हती. संक्रांतीच्या आधीची थंडी आणि अंगावर नुसता सदरा. तिथल्या चहावाल्याने तुम्हाला आपली शाल पांघरली होती. तो मला म्हणाला, "पूछा, चाचा कब से बैठे? बोले, परसों. बेटी परसों बोली. बस, एकीच बात." भोवती जमलेल्या बायका चुकचुकल्या. बिचाऱ्याला वेळेचं भान उरलं नाही, कधीची गोष्ट सांगतोय कोण जाणे! त्यांना वाटलं, तो आपला नेहमीचा परसों. त्या गर्दीत मराठी समजणारी मी एकटी होते. मी मान खाली घालून तुमच्या पायाची माती पुसत राहिले.

दवाखान्यात तुम्ही बारा दिवस होतात. छातीवर कुणीतरी बसलंय, त्याला उठवा, म्हणायचात. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत पाणी झालंय. मी सुटी काढून बाराही दिवस उशाशी बसले. तेव्हा मिळाली सुटी. तुम्ही मला ओळखत नव्हतात, पण सकाळी डोळे उघडले की विचारायचात, "आज परवा का?" मी म्हणायचे, "नाही अण्णा, अजून नाही." शेवटच्या सकाळीही विचारलंत. मी तेच सांगितलं. तेव्हा तरी हो म्हणायला माझं काय जात होतं? हात धरून त्या वॉर्डातून दारापर्यंत दोन पावलं चालवलं असतं, तर तेवढ्यावर समाधान झालं असतं तुमचं.

लोकांना मी एवढंच सांगत आले की वडिलांना विसरण्याचा आजार होता, फिरायला गेले आणि चुकले. सगळे हळहळले. मुलीने किती केलं, असंही म्हणाले, आणि मी ते ऐकून घेतलं. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला नाही. हे पानही कुठे जायचं नाही. तुमच्या जुन्या नकाशांच्या पुस्तकात, जिथे नुसता निळा समुद्र आहे, तिथे ठेवीन आणि वर चादरी रचीन. शब्दाचा घोळ झाला, तुमचा परवा वेगळा आणि माझा वेगळा, असं इतकी वर्षं मी स्वतःलाच समजावत आले. वरही तेच लिहिलं आहे, पाहा. ते खरं नाही. त्या दिवशी ऑफिसच्या भिंतीवर दोन घड्याळं होती, एक अमेरिकेचं, एक इथलं. इथल्या घड्याळात साडेचार वाजले आणि मला आठवलं, अण्णा. आज परवा. पायरी. मी पेडलवरून पाय उचलला, कानातला आवाज थांबला. मग मनात आलं, जेवलेलं विसरतात, हे काय लक्षात ठेवणार आहेत? आणि मी पेडल पुन्हा दाबलं.