टोपलीवरचा रुमाल

कासू, ३० ऑगस्ट २०२५

हर्षद,

अष्टमी गावात सगळे बरे असतील. तुझ्या आईंना नमस्कार सांग. तुला नाय. त्यांनी विचारलेल्या तारखेचं शेवटी लिहिते.

गणपतीच्या मूर्तीचे परत पाठवलेले पैसे मिळाले. सोबत 'सिस्टीम एरर, सॉरी' असा मेसेज. कसली एरर रे? तू बनवलेल्या मूर्ती-बुकिंगच्या साइटचा, तुझ्या सर्व्हरचा पासवर्ड अजून माझ्याकडे हाय. आईनं पैसे भरल्याचा पेमेंट गेटवेचा निरोप, तुझा तो वेबहुक, वेळेत आला होता. तुझ्या जावा प्रोग्रामनं आधी 'निरोप मिळाला' अशी नोंद केली आणि मग पावती बनवताना मान टाकली. गेटवेनं तोच निरोप परत पाठवला, तर 'हा आधीच आलाय' म्हणून फेकून दिला. आमच्या बुकिंगपुढे 'पैसे बाकी' तसंच राहिलं. नोंद आणि बुकिंग एकाच वेळी पक्कं कर, नायतर दोन्ही रद्द कर, असं मी जूनमध्येच सांगितलं होतं. 'चालतंय गो,' म्हणालास.

चूक कोणाकडूनही होते. तेवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं.

हरतालिकेला आई पेणला हैबतरावांच्या कारखान्यात मूर्ती आणायला गेली. आमचं नाव घातलेला पाट तिनं आषाढातच तिथं नेऊन दिला होता. काउंटरवर तू. तिला वाटलं, आपलाच माणूस. तिनं बँकेचा मेसेज दाखवला. आणि तू भर रांगेत, हैबतरावांना ऐकू जाईल असं म्हणालास, "मावशी, असले मेसेज आजकाल कोणीपण बनवतं." आणि मूर्ती न देता रिकामा पाट तिच्या हातात दिलास.

मावशी! आठवड्यापूर्वी आमच्याकडे घावणे हादडताना 'आई, अजून एक' म्हणत होतास. तुझी साइट बंद पडेल, काम जाईल, म्हणून माझ्या आईला खोटारडी ठरवलंस? लाज कशी वाटली नाय रे तुला?

आमची मूर्ती वीतभरच असते. आईनं बाजारातली फुलांची टोपली पाटावर ठेवली, वर रुमाल झाकला. रिक्षातून उतरली तर पोरं झांजा घेऊन थांबलेली. मोरया मोरया करत ती पुढे नाचली, ही मागून पाट सांभाळत चालली. दारात मी तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला आणि रुमाल उचलला.

शेवटी सुपारी मांडून पूजा केली.

आता साखरपुड्याची तारीख. तुझ्या आईंना सांग, नाय. का, ते तूच सांग, आणि तिथं सिस्टीम एरर म्हणू नकोस. पाट मी धुऊन ठेवलाय. पुढच्या वर्षी त्यावर गणपती बसेल. तुझ्या शेजारच्या पाटावर मी बसणार नाय.

त्या मावशीची मुलगी,
रोशनी