सगळे उभे राहिले तेव्हा

प्रिय तोरुन,

तू पाठवलेला चष्मा मिळाला. तोच लावून लिहायला बसलोय. इतकं स्वच्छ दिसतंय की स्वयंपाकघराचे कोपरे किती कळकट झालेत ते आज पहिल्यांदा कळलं. सकाळचा अर्धा वेळ ते घासण्यातच गेला. अक्षर वाकडं आलं तर दोष तुझ्या चष्म्याच्या दुकानाचा नाही. फेरीबोटीच्या इंजिनात आयुष्य काढलेल्या बोटांना पाना धरायची सवय, पेन धरायची नाही.

इकडे सगळं ठीक आहे. डोंगरमाथ्यावर पहिला बर्फ पडलाय, खाली अजून नुसता चिखल. होडी वर ओढून ठेवली. एकट्याने ओढायला आता जड जाते, म्हणून हाताने फिरवायची चरखी बसवून घेतली. एक राखाडी मांजर यायला लागलंय. कुणाचं ते माहीत नाही. दुपारी येतं, माशाचं डोकं खातं आणि मागे वळून न बघता निघून जातं. मी त्याच्याशी बोलत बसतो. परवा दुकानात पावाच्या फळीपाशी उभा होतो आणि मोठ्याने बोलून गेलो, "काळा घेऊ की पांढरा?" मागची बाई दचकली. संध्याकाळ होत आली होती आणि माणसांत बोललेलं ते माझं त्या दिवसातलं पहिलं वाक्य होतं.

तू नेहमी विचारतेस, "बाबा, घरी कोणी येतं का?" आणि मी म्हणतो, "येतात की." खरं सांगतो, कोणी येत नाही. आपल्याशी कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. फक्त येणं बंद झालं. रस्त्यावर भेटले की बर्फाबद्दल बोलतात, डिझेलच्या भावाबद्दल बोलतात, आणि मग त्यांना काहीतरी काम आठवतं. आर्विदचं घे. आम्ही दोघांनी अख्खी नोकरी एकाच बोटीवर काढली, दर गुरुवारी आपल्या टेबलाशी पत्ते खेळलो. तुला तो खिशातून ज्येष्ठमधाच्या गोळ्या काढून द्यायचा. एका गुरुवारी तो आला नाही. पुढच्या गुरुवारीही आला नाही. नंतर मीच पत्ते ड्रॉवरमध्ये टाकले.

त्या माणसाचं नाव मी या घरात घेत नाही, पण पत्रात घ्यावंच लागेल. स्टाइनार. गावात असं घर नाही ज्यातलं एकतरी पोर त्याच्या हाताखाली शाळेच्या बँडमध्ये वाजवून गेलं नाही. तू ट्रम्पेट वाजवायला लागलीस तेव्हा तुझ्या आईला, रांदीला, कोण आनंद झाला होता. शाळा सुटल्यावर तो तुला वेगळं शिकवायचा, अंधार लवकर पडतो म्हणून गाडीने घरी सोडायचा, आणि रांदी त्याला दारातच थांबवून गरम वाफल हातात द्यायची. "तोरुनच्या ओठांत जादू आहे," असं तो म्हणाला होता एकदा. आम्ही दोघंही हसलो होतो.

मग तू ट्रम्पेट माळ्यावर नेऊन ठेवलंस. तू चौदा वर्षांची होतीस. रांदी म्हणाली, "या वयात पोरींचं असंच असतं, आज हे, उद्या ते." ईस्टरच्या आधी तुला आजीकडे सोडायला निघालो होतो. गाडी बोटीवर चढवली, पण तू वर कॉफी-बन खायला जायला तयार नव्हतीस, म्हणून आपण दोघंही गाडीतच बसलो. खाली इंजिन धडधडत होतं, काचेवर खारं पाणी उडत होतं. तू समोर बघत बोलायला लागलीस. एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. तू काय सांगितलंस ते मी इथे लिहिणार नाही, ते तुझं आहे. पलीकडचा धक्का आला, मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या आणि मला किल्ली फिरवता येईना. मी एवढंच म्हणालो, "माझा विश्वास आहे तुझ्यावर." तू म्हणालीस, "आईला तू सांग."

पुढचं तुला माहीत आहे. पण मुख्याध्यापक काय म्हणाले ते तुला मी कधी सांगितलं नाही. ते म्हणाले, "ओडवार, मुलगी हळवी आहे. आणि स्टाइनारचं तर तुम्हाला माहीतच आहे, मुलांना जवळ घेणारा माणूस." जवळ घेणारा! स्वतः काय बोललो ते त्यांच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. मग पोलीस आले, मग ती बाई आली जिने तुला तेच तेच पुन्हा सांगायला लावलं, आणि पुढच्या हिवाळ्यात कळवलं की पुरावा अपुरा आहे, प्रकरण बंद. तोवर आईबापांनी त्याच्या बाजूने सह्या गोळा केल्या होत्या. आर्विदने माझ्यासमोर कबूल केलं, "केली मी सही. माझी दोन्ही पोरं त्याने शिकवली. असा माणूस असं करेल?" चौकशीपुरता रजेवर गेलेला स्टाइनार परत आला त्या दिवशी शाळेत केक कापला म्हणे.

त्या सतरा मेला राष्ट्रीय दिनाची मिरवणूक नेहमीप्रमाणे आपल्या घरावरून गेली. झेंडे, फिती, बँडच्या पुढे तो. मी रांदीला म्हणालो, पडदा ओढ. ती म्हणाली, "मी का ओढू? त्यांनी माना वळवाव्यात." आणि हाताची घडी घालून शेवटचं पोर पुढे जाईपर्यंत खिडकीत उभी राहिली. माना वळल्याही. तू तळघरात धुण्याचं मशीन चालू करून बसली होतीस. मी खाली आलो तेव्हा ते नुसतंच फिरत होतं, आत एकही कपडा नव्हता. सोळाव्या वर्षी तू ट्रॉन्डहाइमला शिकायला गेलीस. बस वळणाआड गेल्यावर तुझी आई म्हणाली, "सुटली."

आई गेली त्या वेळचं तू पाहिलंसच. चर्चमध्ये माणसं आली, कारण चर्चमध्ये जावंच लागतं. नंतर कॉफीला हॉलमध्ये बहुतेक खुर्च्या रिकाम्याच. आपण दोघं उरलेले केक डब्यांत भरत होतो तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, चल माझ्याबरोबर. इथे काय ठेवलंय आता?" मी होडीचं कारण सांगितलं. ते खोटं होतं. मी गेलो असतो तर गावाला हायसं वाटलं असतं, तोरुन. दुकानात, धक्क्यावर, मतदानाच्या रांगेत मी दिसतो तोवर त्यांना ते आठवावं लागतं. मला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून मी दिसत राहिलो. कधीकधी हिवाळ्यात असं वाटायचं की मी दिसतोय हेही आता कोणाच्या लक्षात येत नाही.

या एप्रिलमध्ये नगरपालिकेने त्याला पुरस्कार दिला. गावाच्या संस्कृतीची सेवा केल्याबद्दल. दुकानाच्या दारावर कागद लावला होता, सर्वांना आग्रहाचं निमंत्रण. सर्वांत मीही आलो. दाढी केली, रांदीने विणलेला स्वेटर घातला आणि जाऊन मधल्या रांगेत बसलो. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. जुन्या विद्यार्थ्यांनी दोन गाणी वाजवली, महापौरबाई म्हणाल्या, "या गावाला सूर देणारा माणूस!" आणि सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मी उभा राहिलो नाही. ठरवून नाही, पाय उठलेच नाहीत. भोवती नुसत्या पाठी आणि कोट. टाळ्या डोक्यावरून चाललेल्या. तेवढ्यात कोणाच्या तरी कोपराखालून मला दिसलं, पलीकडच्या रांगेत एक बाई बसलेली आहे. दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन, गार बाकावर मुलं बसतात तशी. तिने मान वळवली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. टाळ्या थांबता थांबेनात आणि त्या सगळ्या वेळात आम्ही दोघंच काय ते बसलेलो.

बाहेर कोट अडकवलेले होते तिथे आर्विद भेटला. इतक्या वर्षांनी स्वतःहून बोलला, आणि बोलला काय तर, "काय रे, गुडघे गेले वाटतं?"

मी म्हणालो, "गुडघे ठणठणीत आहेत."

"मग आता तरी सोड की, ओडवार. किती वर्षं धरून बसणार?"

"मी काय धरून बसलोय? माझ्या घरात धरायला कोण उरलंय, आर्विद?"

त्याने कोटाची बटणं लावली, खाली एक बटण चुकलं, ते तसंच ठेवून निघून गेला.

ती बाई म्हणजे इंग्विल्ड. तुझ्याहून बरीच मोठी. तू बँडमध्ये जायच्या आधीच ती शिकायला बाहेर पडली होती, म्हणून तुला फारशी आठवणार नाही. आता आईचं दुखणं काढायला परत आली आहे. ऑगस्टच्या शेवटी ती दारात उभी राहिली, हातात आलुबुखाराची पिशवी. "आमच्या झाडाचे आहेत. यंदा फार आलेत." आत आली, कॉफी घेतली, आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलली आणि गेली. मी पिशवी तशीच टेबलावर ठेवून कितीतरी वेळ तिच्या रिकाम्या कपाकडे बघत बसलो. आपल्या घरात माझ्याशिवाय कोणीतरी प्यायलेला कप होता तो.

दुसऱ्या वेळी ती हात हलवत आली. बसायच्या आधीच म्हणाली, "तुम्ही उभे राहिला नाहीत."

मी म्हणालो, "तूही नाहीस."

"मला वाटलं होतं, मी एकटीच आहे," ती म्हणाली, आणि मग बोलायला लागली. तीही टेबलाकडे बघून बोलत होती. तेच शाळेनंतरचं वेगळं शिकवणं, तीच गाडी. शेवटी म्हणाली, "तोरुनच्या वेळी सह्यांचा कागद घेऊन घरोघर फिरली ती माझी आई. मी सुट्टीला घरी आले होते. तिला पेन सापडत नव्हतं, ते मीच शोधून दिलं. मला ठाऊक होतं तोरुन खरं बोलतेय. अख्ख्या गावात मला एकटीला ठाऊक होतं."

मी तिला कॉफी ओतत होतो, ती बशीत सांडली. राग आला, तोरुन. तुझ्यापासून लपवत नाही. मी किटली खाली ठेवली आणि पाठ फिरवली. ती समजली, उठली, स्कार्फ गुंडाळला आणि बाहेर पडली. दार लागलं तसं मला रांदी खिडकीत उभी दिसली, तू तळघरात दिसलीस, आणि मग दिसलं की ही पोरगीही इतकी वर्षं कुठल्यातरी तळघरातच बसली होती. मी मोज्यांवरच अंगणात धावलो आणि तिला हाक मारली. ती परत आली. आम्ही बटाटे उकडले, मासा तळला. जेवताना समोर कोणीतरी जेवत होतं.

गेल्या आठवड्यात ती शहरातल्या पोलिसांकडे जाऊन आली. या वेळी बसून नीट ऐकून घेतलं म्हणे. कसलंही वचन दिलं नाही. एवढंच म्हणाले की जुनं प्रकरण पुन्हा उघडायचं तर तुझंही बोलणं लागेल. इंग्विल्डने माझ्याकडे तुझा नंबर मागितला. "मला तिची माफीही मागायची आहे," ती म्हणाली. मी दिला नाही. त्यासाठीच हे पत्र. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी, डॉक्टरांनी, पोलिसांनी, आम्ही दोघांनीही तुला शंभरदा विचारलं की काय झालं. तुला काय हवंय ते कोणी विचारलं नाही. आता मी विचारतोय. फोनवर विचारलं असतं तर माझ्या आवाजात तुला माझी इच्छा ऐकू आली असती, आणि तू माझ्यासाठी हो म्हणाली असतीस. माझी इच्छा काय आहे ते मी कागदावरही उतरवत नाही. नंबर दे म्हणालीस तर देईन. नको म्हणालीस तर इंग्विल्डला तेवढंच सांगेन, कारण सांगणार नाही. आणि काहीच बोलायचं नसेल तर तेही चालेल. रविवारी फोन कर आणि तिकडे पाऊस आहे का ते सांग. मी इकडच्या वाऱ्याबद्दल सांगेन, आणि या पत्राचं नाव पुन्हा काढणार नाही.

उत्तराची मुळीच घाई नसलेला,
तुझाच
बाबा