वीस पौंडांचा तांदूळ

श्रूजबरी,
१२ जानेवारी २०२५

ती. शरयूताईस साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. लतिकाला जाऊन आठ महिने झाले. माझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत, तरी सकाळी उठतो तोच दमलेला. तांदळाची वीस पौंडांची, म्हणजे आपली नऊ किलोंची, पिशवी आम्ही दोन टोकांना धरून आणायचो. आता मी पाचचीच घेतो.

तिने आयुष्यभर माणसांना घरी जेवू घातलं. वैशाखातलं तिचं वर्षश्राद्धही घरीच व्हावं असं वाटतं, पण तेवढं त्राण नाही. अमेय म्हणतो, बाबा, आईच्या श्राद्धाला केटरिंग करू. त्यानेच मला सीनियर सेंटरमध्ये वजनं उचलायच्या क्लासला घातलं. शिकवणारी आन्या इथेच जन्मलेली. मला काका म्हणते, बाकी सगळं इंग्रजीत. दमलेल्या माणसाने वजन उचलून थकवा जाईलच कसा, हे मला कळत नाही. दोन आठवडे झाले, उलट जास्तच दमतो. पण झोप लागते.

तुझा,
राजाराम

नाशिक,
४ फेब्रुवारी २०२५

चि. राजारामास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. लहानपणी कळशी उचल म्हटलं की तुझं पोट दुखायचं, आणि अडुसष्टाव्या वर्षी पैलवान होतोस! कंबर सांभाळ.

हे गेले तेव्हा मीही अशीच पडून असायचे. मग सुनेची नोकरी सुरू झाली आणि तान्हा नातू दिवसभर माझ्या कडेवर आला. सुरुवातीला हात भरून यायचे. वर्षभराने तो चांगला जड झाला, पण मी दमेनाशी झाले. याचा तुझ्या वजनांशी काही संबंध आहे का? त्या मुलीला विचार.

वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

श्रूजबरी,
३० मार्च २०२५

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

आन्याला विचारलं. ती खूप हसली. म्हणाली, तुमच्या ताईंना कुणी न शिकवता सगळं येतं. वजन एकदम नाही, नातवासारखं हळूहळू वाढवायचं. शरीर तेवढं तयार होत जातं, मग रोजची कामं हलकी वाटतात. माझ्या लक्षात आलं ते निराळंच. परवा बर्फ काढून घरात आलो आणि खुर्चीत न बसता सरळ चहा टाकला. दुःख आहे तेवढंच आहे. थकवा मात्र त्यातून वेगळा झाला. मी दोन्ही एकच समजत होतो.

काल वीसची पिशवी घेतली. गुडघे वाकवून, छातीशी धरून गाडीत ठेवली, मग पायऱ्या चढून घरात आणली. ओट्यावर ठेवताना दुसऱ्या टोकाकडे सवयीने बघितलं. मग ठेवली.

अमेयला केटरिंग नको म्हणून कळवलं आहे. वडे आणि खीर शेजारच्या सरलाकाकू करणार आहेत. वरणभात मी करीन. पंचवीस पानांना तांदूळ किती घ्यायचा, ते लतिकाला ठाऊक होतं. तू कळव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
राजाराम