देवनहळ्ळीच्या तळ्यातली शून्यं

इंदिरानगर, बेंगळुरू
रविवार

प्रिय सुमंत,

नागपूरचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. फोन करता आला असता, पण फोनवर मी वाद घालायला लागते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? देवनहळ्ळीचं आपलं तळं जपायच्या यादीतून वगळायचं की नाही, याची सुनावणी बावीस तारखेला आहे. त्याआधी तुला काही सांगायचंय.

लॅबमधल्या तुझ्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय. तळ्यांकाठच्या रेकॉर्डरसाठी तू पीण्या औद्योगिक वसाहतीतून करून घेतलेल्या डब्यांत अजून पाण्याचा थेंब शिरलेला नाही. कॉलेजात शिकवणं मानवलं का? मागच्या बाकापर्यंत आवाज पोचतो, की अजून पुटपुटतोसच?

चाळीस तळ्यांचं तीन वर्षांचं रेकॉर्डिंग माणसाने ऐकायचं म्हटलं तर जन्म पुरला नसता. म्हणून क्लाउडवर आपण हजारभर यंत्रं भाड्याने घेतली, रेकॉर्डिंगचे तुकडे त्यांना वाटून दिले आणि दोन दिवसांत उत्तर आलं: ज्याच्यामुळे देवनहळ्ळीचं तळं जपायच्या यादीत आहे, तो छोटा बेडूक तिथे उरलेला नाही. तू म्हणालास, "मी गुडघाभर चिखलात उभा राहून त्याला ऐकलंय." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझे कान म्हणजे पुरावा नव्हे." शोधनिबंधावरून तू स्वतःचं नाव काढायला लावलंस आणि महिन्याभरात गेलास. मी फार शहाणी होते तेव्हा.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका कामासाठी तेच रेकॉर्डिंग पुन्हा तपासायला टाकलं. देवनहळ्ळीच्या तळ्यात त्या बेडकाच्या नऊशे बारा हाका निघाल्या. मला वाटलं, नवा प्रोग्रॅमच बिघडलाय. संगणक विभागातल्या हयवदन सरांना बोलावलं. त्यांनी आपल्या वेळच्या नोंदी उघडल्या आणि शांतपणे विचारलं, मॅडम, यंत्रं स्वस्तातली घेतली होती ना? घेतली होती. तसली यंत्रं भाड्याने देणारी कंपनी काम अर्धवट असतानाही काढून घेते, हे मला माहीत होतं. पण माझा प्रोग्रॅम प्रत्येक तुकड्यापुढे आधीच शून्य लिहून ठेवायचा, आणि काम पुरं झालं की खरा आकडा भरायचा. देवनहळ्ळीचे तुकडे रांगेत शेवटी होते. त्यांची पाळी आली तेव्हा यंत्रं एकामागून एक काढून घेतली गेली आणि शून्यं तशीच राहिली. ते रेकॉर्डिंग कुणी तपासलंच नव्हतं, आणि मी छातीठोकपणे सांगत होते की तिथे काही नाही. लाज वाटली, सुमंत. अजून वाटते.

निबंध मागे घेतलाय. पण तळं वगळायच्या प्रस्तावाला तोच जोडलेला आहे, आणि शेजारच्या शेतांत घरांचे प्लॉट पाडायला लेआउटचे दगड रोवून झालेत.

सुनावणीत मी आधी माझी चूक सांगणार आहे. मग ते विचारतील, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही का? त्याचं खरं उत्तर तुझं नाव आहे. पण निबंधावरून ते तू काढलंस ते माझ्यामुळे. आता तुला न विचारता चारचौघांत ते घ्यायचा हक्क मला नाही, म्हणून हे पत्र. नाव घेऊ का, एवढंच कळव. नको म्हणालास तर सांगेन की एकाला कळलं होतं, आणि त्याला मी सगळ्यांसमोर गप्प बसवलं.

तसं म्हणायला अजून जागा असेल तर, तुझीच
संयोगिता