अक्रोडाच्या दोन फळ्या

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं भरता, म्हणून पत्रच लिहिते. जिना चढताना धाप लागते, ही बातमी आईंनी फोडलीय. औषध चुकवू नका.

आता कामाचं. इथल्या ग्रंथालयाच्या बांधणी विभागात मास्तरीणबाईंनी पहिल्यांदाच एक अख्खं पुस्तक माझ्या एकटीवर सोपवलंय. सात-आठशे वर्षांपूर्वी युरोपात बांधायचे तसं: कातड्याची पानं, जाड दोरांवर शिवण, आणि पुठ्ठ्याच्या जागी लाकडी फळ्या. कातडं दमट हवेत फुगतं, त्याला दाबून धरायला लाकूडच हवं. हे जमलं तर नोकरी कायम.

इथले सुतार फळी म्हटलं की खिडकीच्या झडपा करून देतात. तुम्ही कराल? मापांचा कागद सोबत आहे, तो नकाशेवाल्यांनी काढून दिला. ते शेजारच्या खोलीत जुने नकाशे दुरुस्त करतात. दोर ओवायची भोकं तिरकी हवीत, हेही नकाशेवाल्यांनीच सुचवलं. लाकूड जड नको, असं त्यांचं म्हणणं.

आईंना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
सूनबाई

दि. १५ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

जन्मभर लोकांची दारं केली, पुस्तकाला दारं करायची वेळ पहिल्यांदाच आली. नाही कशाला म्हणेन?

सागवान जड पडेल, म्हणून वखारीतून अक्रोडाची नवी फळी आणली. आपल्या दादूनं लग्नानंतर तुझ्या टेबलासाठी आणून ठेवलेली फळी अजून भिंतीला टेकलेली आहे. तू ती मागणार नाहीस आणि मीही तिला हात लावणार नाही. धूळ तेवढी पुसतो.

जाडी तीन सूत ठेवली, कडा गोल केल्या. गिरमिटानं भोकं पाडताना फळी हलत होती, तर तुझ्या सासूबाई तिच्यावर बसल्या. इतक्या वर्षांच्या संसारात वजनाला साजेसं काम आजच मिळालं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

एक विचारू? तुझ्या पत्रात मास्तरीणबाई एकदाच आल्या आणि नकाशेवाले ओळीआड डोकावले. गृहस्थाचा हात मात्र सरळ आहे, रेघ कुठं थरथरली नाही.

फळ्या पोचल्या की कळव. माया आहेच, ती लिहून वाढत नाही.

तुझे,
बाबा

दि. १ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फळ्या पोचल्या. सगळ्यांनी हात फिरवून पाहिल्या. पण कसं सांगू, आठवड्याभरात त्यांतली एक वाकली. टेबलावर ठेवली तर डुलते. मास्तरीणबाई म्हणाल्या, लाकूड अजून ओलं होतं. ही लावली तर दोर ताणले जाऊन शिवण तुटेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तुम्ही चेष्टेत विचारलंत, मी खरं उत्तर देते. नकाशेवाल्यांनी मला लग्नाचं विचारलंय. माणूस चांगला आहे, बाबा. कमी बोलतो आणि समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.

दादूला जाऊन सहा वर्षं झाली. मला आई-वडील नाहीत. जे घर आहे ते तुमचंच. त्या घरातून एकदा बाहेर पडले तर पुन्हा कुठल्या नात्यानं आत यायचं, हे मला कळत नाही. तुम्ही नको म्हणालात तरी मी रागावणार नाही. पण तुमच्यापासून लपवून हो म्हणणं मला जमायचं नाही.

रागावलात तरी दोन ओळी लिहा.

तुमचीच,
सूनबाई

दि. २९ मार्च

चि. सौ. कां. लेकीस,
अ. उ. आ.

वरचे शब्द लिहायला मला महिना लागला. आधी राग आला, कुणाचा ते कळेना. कामाच्या खोलीला कुलूप घातलं. एवढी काय घाई, असं मी घरात बोलूनही गेलो. तुझ्या सासूबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि विचारलं, की उलटं झालं असतं, दादू एकटा मागं राहिला असता, तर त्याला किती वर्षं तसंच बसू दिलं असतं? मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, दुसऱ्या वर्षीच तुम्ही मुली बघायला निघाला असता.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं आणि दादूची फळी बाकावर घेतली. इतकी वर्षं उभी होती, पण केसभरसुद्धा वाकलेली नव्हती. खडखडीत वाळलेली. रंधा फिरवला तसं आतून काळपट तांबूस लाकूड निघालं. पोराची निवड चांगली होती. लाकडावर पाणी पडलं की डाग राहतो, म्हणून रंधा खाली ठेवून थोडा वेळ बाहेर जाऊन आलो.

दोन्ही फळ्या नव्यानं केल्या, त्याच एका लाकडातून. जोडी एका लाकडाची असावी, म्हणजे हवा बदलली तर दोघी सारख्याच हलतात. पत्राबरोबर पाठवतोय.

नातं कुठलं, असं विचारतेस. सून म्हणून आलीस, लेक म्हणून जा. मग इथं येणं म्हणजे माहेरी येणं, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. त्या गृहस्थांना घेऊन ये. मोठ्यानं बोलायला सांग.

आशीर्वाद होतेच, आता दोघांना.

तुझे,
बाबा

दि. २० एप्रिल

ती. बाबांना आणि आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी हो म्हटलं.

फळ्या जराही हलल्या नाहीत. दोर ओवले, खुंट्या ठोकल्या, वर चामडं चढवलं, पितळी कड्या लावल्या. मास्तरीणबाईंनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि विभागाची किल्ली माझ्या हातात ठेवली. फळ्यांची आतली बाजू मी मुद्दाम उघडी ठेवलीय. तिथं चामडं लावायला हात धजला नाही.

शनिवारी आम्ही दोघं येतोय. तिकीट काढताना खिडकीतल्या बाईंनी सहज विचारलं, सुट्टीवर निघालात का? मी म्हटलं, नाही, माहेरी. आणि नवल म्हणजे, म्हणताना अडखळले नाही.

बाकी सगळं भेटीत. दार उघडं ठेवा.

तुमची,
लेक