सासरी टाकायचे नाव

प्रति,
मा. मतदार नोंदणी अधिकारी,
तहसील कार्यालय, जि. बुलढाणा.

विषय : मुलगी कु. रेणुका, वय १९, हिचे नाव ‘लग्न झाल्यावर सासरी टाकू’ असे सांगून मतदार यादीत न घेतल्याबाबत.
संदर्भ : एकसष्टावी घटनादुरुस्ती, अमलात दि. २८ मार्च १९८९. आणि आमच्या दारात झालेले बोलणे.

महोदय,

मी खाली सही करणार अन्नपूर्णा इंद्रभान तायडे, सविनय लिहिते. विनय पुरेल तोवर.

१) गेल्या महिन्यात यादीचे काम करणारे गुरुजी आमच्या घरी आले. रेणुकाने अर्ज भरून तयार ठेवला होता. तो हाती घेण्याआधी त्यांनी माझ्या यजमानांना विचारले, पोरीचं कुठं जमलं काय. यजमान म्हणाले, “पाहून राह्यलो. काऊन टाकता इथं नाव, उद्या सासरी जाईन थे.” गुरुजींनी चहा घेतला आणि अर्ज तिथेच ठेवून गेले. त्या दिवसापासून मी यजमानांशी बोललेली नाही.

२) हेच उत्तर मी पूर्वी ऐकले आहे. १९८९ साली मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले, तेव्हा मी नेमकी अठराची होते. चिखलीकडे आमचे माहेर. नावे लिहायला माणूस आला, तर वडील म्हणाले, हिचं सासरी टाका. पुढच्या वर्षी सासरी आले, तर इथे सांगितले की माहेरचे नाव कमी केल्याचा दाखला आणा. जे नाव चढलेच नव्हते ते कमी कोण करणार? त्या दाखल्यापायी मी तिशीला टेकेपर्यंत मत दिले नाही. सरकारने वय तीन वर्षांनी कमी केले, आमच्या घरांनी ते दहा वर्षांनी वाढवले.

३) माझा मुलगा प्रसेनजित पुण्यात राहतो, नोकरी तिथेच, खोली तिथेच. त्याचे नाव मात्र इथल्या यादीत आहे आणि मतदानाला त्याला आणायला उमेदवाराची जीप नांदुऱ्याच्या स्टेशनवर उभी असते. गेलेला पोरगा गावचा आणि माझ्यासोबत कपाशी वेचणारी पोरगी पाहुणी, हे कोणत्या कायद्यात बसते ते कळवावे.

४) ‘अठरा वर्षे पूर्ण’ याच्यापुढे ‘व लग्न झालेली’ असे कुठे लिहिले असल्यास तशी नक्कल द्यावी. मग स्थळ पाहण्याचे कामही आपल्याच कार्यालयाने पत्करावे. मुलगी बारावी पास, रंग सावळा, बोलायला तिखट, आईवर गेली आहे. हुंडा देणार नाही. जावई यादीतला असावा, म्हणजे पुन्हा दाखल्याचा घोळ नको.

५) येत्या ग्रामपंचायतीला एक बाई उभी राहणार आहे. कॉलेजच्या वेळेला एसटी आणीन म्हणते. रेणुका रोज फाट्यापर्यंत पायी जाते, म्हणून तिला त्या बाईला मत द्यायचे आहे. यादी बंद झाली की हे मत गेले. उद्या ती सासरी गेलीच, तर नाव कमी करायला मी स्वतः येईन.

तरी अर्ज आजच दाखल करून पोच द्यावी. ‘पुढे पाहू’ हे वडिलांचे ऐकले, सासऱ्यांचे ऐकले, यजमानांचे ऐकले. सरकारचे ऐकणार नाही.

आपली,
नम्र राहून कंटाळलेली,
अन्नपूर्णा इं. तायडे
दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला
२) आधार कार्डाची प्रत
३) गुरुजींनी ठेवून दिलेला अर्ज, चहाच्या डागासह
४) कु. रेणुका, समक्ष. अजून इथेच आहे.