रविवारी टीव्ही लावा

प्रिय बाबा,
इथूनच तुमच्या पाया पडते. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं.

रविवारी टीव्हीवर दाखवतात ती मोठी सायकल शर्यत आमच्या लॉन्ड्रीसमोरच्या वळणावरून जाणार आहे. लोकांनी आत्तापासूनच फुटपाथवर खुर्च्या मांडून जागा धरल्यात. मालकीणबाईंनी विचारलं, "तू कोणाच्या बाजूने?"

म्हटलं, "जो सगळ्यात शेवटी येईल त्याच्या. माझे बाबा त्याच्यासाठीच टाळ्या वाजवायचे."

त्या हसल्या आणि त्यांनी आपल्या शेजारी माझी खुर्ची मांडली.

आई म्हणते, ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही टीव्हीच लावत नाही. पाय अजून दुखतो का? खरं सांगा.

रविवारी मात्र लावा. मी तुमचा लाल स्वेटर घालीन. इथे घरच्या नावाने हाक मारणारं कोणी नाही. मी दिसले की तुम्ही तिथून हाक मारा.

तुमचीच,
चिमणी